पिकअपला रानवाटेसाठी रिम निवडताना: काय मोजायचं आणि कोणत्या क्रमाने

"सहा भोकांची अलॉय मिळतेय, माझ्या हायलक्सला बसेल का?" हा प्रश्न येतो तेव्हा बहुतेक वेळा पैसे देऊन झालेले असतात. रिम स्टडवर (चाक बसवायच्या आटेदार खिळ्यांवर) चढते, नट आवळले जातात, गाडी दुकानातून बाहेर पडते. मग पहिल्याच खडकाळ चढणीवर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डच्या अस्तराला घासायला लागतो, किंवा नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं, किंवा सामान भरून गेल्यावर महिनाभरात रिमला चीर दिसते. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ निवडीच्या क्रमात असतं. आधी डिझाइन, मग किंमत, मग टायर आणि वजनाचा विचार कधीच नाही, असा क्रम लोक धरतात. तो उलटा करायचा आहे.

इथली उदाहरणं आपल्याकडे रानवाटेवर दिसणाऱ्या दोन पिकअपची घेतली आहेत: टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस. गाडी दुसरी असली तरी मोजण्याची पद्धत हीच.

टप्पा १: खरेदीआधी कागदावर उतरवायच्या गोष्टी

दुकानात जाण्याआधी वहीचं एक पान भरा. त्यावर या गोष्टी हव्यात:

– दाराच्या खांबावरच्या पट्टीवर छापलेलं कंपनीचं टायरचं माप आणि हवेचा दाब.
– मागच्या आणि पुढच्या ॲक्सलवर जास्तीत जास्त किती वजन चालतं तो आकडा. गाडीवरच्या पाटीवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत मिळतो.
– सध्याच्या रिमच्या आतल्या बाजूला उठवलेले आकडे, उदाहरणार्थ ७.५ जे × १७ (रुंदी आणि व्यास, इंचात) आणि ईटी ३० (ऑफसेट, त्याबद्दल टप्पा ५ मध्ये). रिम काढून, माती पुसून वाचा.
– गाडीत कायम असणारं जादा वजन: लोखंडी बंपर, विंच, हौद्यावरचं छप्पर, पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी.
– तुम्ही खरोखर कुठे जाता. महिन्यातून एकदा घाटमाथ्यावरचा कच्चा रस्ता आणि दर आठवड्याला ओढ्यातले दगड, या दोन वेगळ्या गरजा आहेत.

शेवटच्या ओळीवर प्रामाणिक राहा. पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत.

टप्पा २: वजन पेलण्याची क्षमता

पिकअप रिकामी धावते तेव्हा मागच्या चाकांवर ओझं कमी असतं. हौदा भरला की तीच चाकं सगळ्यात जास्त ओझं घेतात. म्हणून मागच्या ॲक्सलचा आकडा धरा आणि दोनाने भागा. समजा पाटीवर १,८०० किलो आहे, तर प्रत्येक चाकावर ९०० किलो. हा किमान आकडा झाला. आडव्या उतारावर किंवा एक चाक खड्ड्यात आणि समोरचं दगडावर असताना निम्म्याहून बरंच जास्त वजन एकाच चाकावर येतं, शिवाय आदळण्याचा धक्का वेगळा. अशा गाडीसाठी मी १,००० ते १,१०० किलोच्या खाली क्षमता असलेली रिम घेऊ नका असंच सांगेन.

हा आकडा रिमच्या मागच्या बाजूला, आऱ्याच्या पाठीवर किंवा हबच्या भोवती उठवलेला असतो. शहरी एसयूव्हीसाठी बनवलेल्या काही स्वस्त अलॉयवर तो ७०० किलोच्या आसपास असतो. दिसायला त्या दणकट असतात, आऱ्याही जाड दिसतात, पण पिकअपला त्या चालत नाहीत.

तपासा: भारतात विकल्या जाणाऱ्या रिमवर आयएसआय चिन्ह आहे का? जपानी बनावटीच्या रिमवर जेडब्ल्यूएल खूण असते. जेडब्ल्यूएल-टी ही ट्रक आणि बससाठीची कडक चाचणी, ती असेल तर उत्तम.

इशारा: क्षमतेचा आकडा कुठेच उठवलेला नसेल तर ती रिम घेऊ नका. दुकानदाराने तोंडी सांगितलेला आकडा धरू नका.

टप्पा ३: हबची तीन मापं

पहिलं माप पीसीडी, म्हणजे स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. हायलक्स आणि डी-मॅक्स दोन्हींचा ६×१३९.७ मिमी. सहा भोकांच्या रिमवर समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजलं की हा आकडा थेट मिळतो. पाच भोकांत समोरासमोर भोक नसतं, तिथे शेजारच्या दोन मध्यांतलं अंतर ०.५८८ने भागावं लागतं. जिम्नी आणि जिप्सीचा ५×१३९.७ आहे, त्यामुळे "एकशे एकोणचाळीस" एवढंच ऐकून व्यवहार करू नका. अमेरिकी डिझाइनच्या रिम ६×१३५ मध्येही येतात. डोळ्यांना तो फरक कळत नाही आणि बळजबरीने आवळल्यास स्टड तिरका होतो.

दुसरं माप मधलं भोक, ज्यात गाडीच्या हबचं नाक शिरतं. हायलक्स-फॉर्च्युनरचं १०६.१ मिमी, डी-मॅक्सचं सुमारे १०० मिमी, फोर्ड एन्डेव्हरचं ९३.१ मिमी. तिन्ही गाड्या सहा भोकांच्या, तिन्हींचा पीसीडी १३९.७, तरीही रिम सरसकट आपसांत बदलता येत नाहीत. जुन्या मालाच्या बाजारात, कुर्ल्यात असो वा पुण्याच्या नाना पेठेत, नेमकी हीच गल्लत होते. एन्डेव्हरची रिम हायलक्सच्या हबवर चढतच नाही. मग कोणी तरी लेथवर भोक वाढवून देतो. भोक वाढलं तरी त्या रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं तो आकडा, टप्पा ५ बघा) +५५ आहे. हायलक्सच्या +३० पेक्षा ती २५ मिमी आत सरकते आणि पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या आर्मजवळ जाऊन बसते. लेथचा खर्च वाया जातो, शिवाय रिमचं धातूही कमी होतं.

उलट प्रकार, म्हणजे हायलक्सची रिम डी-मॅक्सवर, चढते. मात्र हब आणि भोकामध्ये चहूबाजूंनी सुमारे तीन मिमी मोकळी जागा राहते. मोकळी जागा असताना रिम केवळ नटांच्या भरवशावर मध्यावर येते, आणि ती जराशी सरकून बसली की वेगात थरथर सुरू होते. अशा वेळी मध्ये हब रिंग घालतात. ती ॲल्युमिनियमची घ्या. लांब घाट उतरताना ब्रेक तापतात आणि प्लास्टिकची रिंग मऊ पडते.

तिसरं माप स्टडचं. दोन्ही गाड्यांचा एम १२×१.५, म्हणजे १२ मिमी जाडी आणि दर फेऱ्याला १.५ मिमी पुढे.

तपासा: मधलं भोक आणि हबचं नाक, दोन्ही व्हर्नियर कॅलिपरने मोजा. टेप चालणार नाही.

टप्पा ४: आधी टायर, मग रिमचा व्यास

इथे बहुतेकांचा क्रम चुकतो. मोठी रिम घेतली म्हणजे गाडी उंच होते हा गैरसमज आहे. गाडीची उंची टायरच्या बाहेरच्या व्यासावर ठरते. तो व्यास तेवढाच ठेवून रिम मोठी केली, तर मधलं रबर कमी होतं.

हायलक्सला वरच्या व्हेरिएंटमध्ये २६५/६० आर १८ (रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६० टक्के, रिम १८ इंची) येतो, खालच्यात २६५/६५ आर १७. पहिल्याचा व्यास ७७५ मिमी, दुसऱ्याचा ७७६. म्हणजे सारखाच. पण सतरा इंची टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, १७२ मिमी भरते आणि अठरा इंचीची १५९. हे तेरा मिमी जादा रबर सह्याद्रीतल्या बेसॉल्टच्या धारदार कडांवर तुमची रिम वाचवतं. हवा कमी केल्यावर टायर जमिनीवर पसरायलाही तेच उपयोगी पडतं. व्ही-क्रॉसच्या २५५/६० आर १८ चा व्यास ७६३ मिमी, आणि २५५/६५ आर १७ चाही तेवढाच. त्यामुळे रानवाटेसाठी रिम बदलायचीच असेल तर अठरावरून सतराला उतरा. वीस इंची रिम रस्त्यावर मिरवायला ठीक असेल, दगडांत ती रबराशिवाय उघडी पडते.

मोठा टायर हवाच असेल तर हिशेब करून घ्या. २६५/७० आर १७ चा व्यास ८०३ मिमी. जमिनीपासूनची उंची साधारण १४ मिमी वाढते, आणि मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा साडेतीन टक्के जास्त वेगात असते. २८५/७० आर १७ चा व्यास ८३१ मिमी, सात टक्के जास्त. तो घातला की लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणं), अस्तर कापणं, गिअरिंगचा ताण, ब्रेकवरचा जादा भार, सगळं मागोमाग येतं. सस्पेन्शनला हात न लावता त्या मापाच्या मागे लागू नका.

इशारा: व्यास कमी करताना ब्रेकचा कॅलिपर आड येऊ शकतो. टायर न चढवता नुसती रिम पुढच्या हबवर लावून हाताने पूर्ण फिरवा. कॅलिपर आणि रिममध्ये सगळीकडे किमान तीन-चार मिमी जागा दिसायला हवी, कारण आतून चिकटवायची बॅलन्सिंगची वजनंही तिथेच बसतात.

टप्पा ५: रुंदी आणि ऑफसेट

हा टप्पा सावकाश वाचा. नंतर सगळ्यात जास्त पैसा इथल्या चुकीपायी जातो.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते. रिमवर तो ईटी म्हणून लिहिलेला असतो. ईटी जितका कमी, तितकं चाक गाडीबाहेर येतं. रुंदी वाढली की चाक आत आणि बाहेर दोन्हीकडे वाढतं. त्यामुळे दोन्ही आकडे एकत्रच बघावे लागतात.

हिशेब असा. रुंदी इंचात असते, तिला २५.४ने गुणून निम्मी करा. त्यातून ईटी वजा केला की बाहेरची बाजू मिळते, मिळवला की आतली.

मूळ ७.५ जे, ईटी +३०: बाहेर ६५ मिमी, आत १२५ मिमी.
८ जे, ईटी +२०: बाहेर ८२, आत १२२. म्हणजे चाक १६ मिमी बाहेर आलं आणि आत साडेतीन मिमी जागा मोकळी झाली.
९ जे, ईटी ०: बाहेर ११४, आत ११४. चाक ४९ मिमी बाहेर.

दुसरा पर्याय समजूतदार आहे. थोडा मोठा टायर घेतला तरी वरच्या आर्मपासून तो लांब राहतो. तिसरा पर्याय फोटोत सगळ्यात देखणा दिसतो, आणि लोक तोच मागतात. त्याचे परिणाम असे: बेअरिंगवर तरफेचा भार वाढतो, दगडाला चाक आपटलं की स्टिअरिंगला जोराचा हिसका बसतो, वळताना टायर मोठा घेर घेऊन फिरतो आणि मडगार्डच्या मागच्या कोपऱ्याला लागतो, आणि पावसाळ्यात आख्खी बाजू चिखलाने भरते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर उडणारे खडे हाही त्यातलाच भाग.

रुंदीबद्दल माझं मत ठाम आहे: २५५ किंवा २६५च्या टायरला साडेसात ते आठ जे पुरे. रिम जरा अरुंद असली की टायर तिच्या कडेबाहेर फुगतो आणि दगड आधी रबराला लागतो. रुंद रिमवर टायर ताणला जातो, कड उघडी पडते आणि हवा कमी असताना बीड (टायरची रिमला धरणारी कड) निसटण्याची शक्यता वाढते.

तपासा: टायर कंपनीच्या तक्त्यात तुमच्या मापाला चालणाऱ्या रिमच्या रुंदीची मर्यादा दिलेली असते. निवडलेली रुंदी तिच्या आत आहे का?

इशारा: कमी ऑफसेट हवा म्हणून स्पेसर (हब आणि रिमच्या मधली जाड चकती) घालू नका. हवा तो ऑफसेट असलेली रिमच घ्या. स्पेसरने जोडांची संख्या वाढते आणि रानात सैल होणाऱ्या गोष्टींत एकाची भर पडते.

कायद्याची बाजूही इथेच बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. मूळ बनावटीपासून वेगळा बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनी जे माप देते ते सगळ्यात सुरक्षित. मडगार्डच्या बाहेर डोकावणारं चाक तपासणीत आधी नजरेत भरतं. रिम बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

टप्पा ६: लोखंडी, ओतीव की फोर्ज्ड

लोखंडी रिम जड असते, पण आपटली तर वाकते. वाकलेली कड आडगावातला पंक्चरवालाही हातोड्याने सरळ करून देतो, आणि तुम्ही घरी पोहोचता. ओतीव अलॉय हलकी असते, रस्त्यावर गाडी चांगली चालते, ब्रेकची उष्णता लवकर जाते. मात्र जोराचा मार बसला की ती तडकते. फोर्ज्ड रिम, म्हणजे धातू दाबून घडवलेली, दोन्हींहून मजबूत आणि महाग.

जास्त सामान घेऊन वस्तीपासून लांब जाणाऱ्याने लोखंडी घ्यावी. आठवडाभर महामार्ग आणि शनिवार-रविवार कच्चा रस्ता असेल तर चांगल्या क्षमतेची ओतीव अलॉय बरोबर. तडकलेली अलॉय वेल्डिंग करून पुन्हा वापरायची नाही. आऱ्याच्या मुळाशी किंवा स्टडच्या भोकाजवळ चीर असेल तर ती भंगारातच जायला हवी.

बीडलॉकबद्दल सतत विचारणा होते. खऱ्या बीडलॉकमध्ये बाहेरच्या कडीने टायरची बीड बोल्टने आवळून धरलेली असते. हवा १५ पीएसआयच्या खाली न्यायची असेल तेव्हाच त्याचा खरा उपयोग. आपल्या वाटांवर १८ ते २२च्या खाली जायची वेळ क्वचित येते. शिवाय डझनावारी बोल्ट ठरलेल्या टॉर्कला राखत बसावे लागतात. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला ते घालू नका. नुसते शोभेचे बोल्ट असलेल्या रिम्स बीड धरत नाहीत, त्यांच्यावर हवा कमी करायच्या हिमतीने जाऊ नका.

आऱ्यांच्या रचनेत एकच गोष्ट बघा: आत गेलेला चिखल बाहेर पडायला वाट आहे का? मराठवाड्यातली काळी माती रिमच्या आत थापली जाते आणि वाळली की चाक बॅलन्समधून जातं. मोठ्या खिडक्यांची रिम पाण्याच्या एका फवाऱ्यात साफ होते. हवेचा व्हॉल्व्ह कडेच्या आत दडलेला हवा, बाहेर आलेला दगडाला लागून तुटतो. कोकणात राहणाऱ्यांनी क्रोम आणि चमकदार कापीव फिनिश टाळून साधा रंग घ्यावा. खारी हवा ओरखड्यातून थराखाली शिरते.

टप्पा ७: नट

रिम नवी, नट जुने. फार मोठी आणि फार सामान्य चूक.

नटाचा टेकणारा भाग आणि रिममधली बैठक एकाच आकाराची लागते. टोयोटाच्या अनेक कंपनी अलॉयला सपाट वॉशरचे नट असतात. बाजारातल्या बहुतेक रिम्सना ६० अंशांचे शंकूच्या आकाराचे लागतात. सपाट नट शंकूच्या बैठकीवर आवळला तर तो फक्त कडेवर टेकतो. हाताला घट्ट लागतो आणि काही किलोमीटरवर सैल होतो.

तपासा: नट हाताने फिरवत किती फेरे बसतात ते मोजा. १२ मिमीच्या स्टडला निदान १२ मिमी पकड हवी, म्हणजे दीड मिमीच्या आट्याचे आठ पूर्ण फेरे. कमी भरले तर ती रिम त्या स्टडसाठी जाड आहे.

स्टेपनी जुन्याच रिमवर ठेवणार असाल तर तिला लागणारे नट गाडीत वेगळे बांधून ठेवा. टायरचं माप बदललं असेल तर पाचवी रिम आणि पाचवा टायरही त्याच मापाचा घ्या. पार्ट-टाइम फोर-व्हीलमध्ये वेगळ्या व्यासाचं एक चाक घालून कोरड्या रस्त्यावर फोर-एच (चारही चाकांना ताकद देणारा मोड) लावलं की ताण थेट ट्रान्स्फर केस आणि डिफरन्शिअलवर येतो. नवं चाक हौद्याखालच्या जागेत वर चढतं का, तेही दुकानातच बघा.

टप्पा ८: एक चाक लावून चाचणी

पाचही टायर चढवण्याआधी एकच चाक पूर्ण तयार करून पुढे लावा. एकदा टायर चढला आणि गाडी धावली की दुकानदार माल परत घेत नाही.

१. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. आतून वरचा आर्म आणि बाहेरून अस्तर बघा. टायर आणि आर्ममध्ये एक बोट सहज जायला हवं.
२. ते चाक रॅम्पवर किंवा मोठ्या दगडावर चढवा, म्हणजे सस्पेन्शन दाबलं जाईल. दाबलेल्या अवस्थेत पुन्हा दोन्ही टोकं.
३. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर हळू रिव्हर्स घ्या. बरेच टायर फक्त रिव्हर्समध्ये घासतात आणि ही चाचणी कोणी करत नाही.
४. अस्तराला आतून खडू फासून ठेवा. घासलं असेल तर टायरवर पांढरी रेघ उठेल.

टप्पा ९: चढवणं आणि आवळणं

खोल थाळीसारख्या काही रिम्सची अरुंद बाजू मागे असते. अशांवर टायर मागून चढवावा लागतो, समोरून रेटला तर बीड फाटते. काम करणाऱ्याला आधी सांगा. बीड बसवताना हवा ४० पीएसआयच्या वर नेऊ देऊ नका. बसत नसेल तर हवा सोडून साबणाचं पाणी पुन्हा लावायचं. बॅलन्सिंगची वजनं कडेला ठोकून न बसवता आतून चिकटवायला लावा, कडेची पहिल्याच दगडात उडून जातात.

हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून गंज काढा. तिथे रंग किंवा जाड ग्रीस नको. सगळे नट आधी हाताने फिरवा, मग गाडी जॅकवर असतानाच समोरासमोरच्या क्रमाने हलके आवळा. शेवटचं आवळणं चाक जमिनीवर टेकवून, टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या किंवा रिम बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याला. हवेच्या गनने शेवटचा दाब देऊ देऊ नका. आट्यांना तेल लावू नका, तेल लावलेला नट त्याच आकड्याला जास्त ताणला जातो.

त्यानंतर व्हील अलाइनमेंट.

टप्पा १०: पहिले शंभर किलोमीटर आणि पहिली वाट

पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर चाकं थंड असताना सगळ्या नटांना पुन्हा टॉर्क रेंच लावा. एखादा नट पुन्हा पुन्हा सैल सापडत असेल तर घट्ट करत बसू नका. चाक काढून बैठक, हब रिंग आणि मधे अडकलेली माती तपासा.

पहिल्या रानवाटेहून परतल्यावर रिम आतून धुवा. कोरडी झाल्यावर टॉर्च घेऊन स्टडची भोकं, आऱ्यांची मुळं आणि आतली कड बघा, कारण आतल्या कडेचा मार बाहेरून दिसत नाही. बीडच्या रेषेवर साबणाचं पाणी सोडा आणि बुडबुडे येतात का ते पाहा. थरथर नव्याने सुरू झाली असेल तर आधी आतला चिखल काढा, मग बॅलन्सिंगला जा. स्टेपनीची हवाही त्याच दिवशी बघून घ्या.